मिस्टर रामटेके, तीस दिवस बाकी

चहा आधी पिऊन घ्या बरं. हे सांगायला लागलो की मधेच कोणीतरी "असं कसं होईल?" म्हणून विचारतं, मग समजावता समजावता सगळ्यांचे कप निवतात. असंच झालं होतं, आणि माझ्याच बाबतीत झालं होतं. माणूस एखाद्या वेळी वेड्यात निघाला तर लोक विसरून जातात. मी दीड-दोन महिने रोज, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा, ऑफिसच्या वेळेत वेड्यात निघालो. तेही बिनपगारी.

राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि शहरात एकाएकी कागद वाढले. भोपाळहून फायलींचे गठ्ठे यायचे, इथून गठ्ठे जायचे, आणि ते टाइप करून देणाऱ्यांचे दिवस आले होते. मी त्याआधी गोंदियाला कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज, शपथपत्रं, घरभाड्याचे करार. पण समोरच्या गाळ्यात एकानं कॉम्प्युटर आणला आणि माझ्या मशीनवरचं प्लास्टिकचं कव्हर दिवस दिवस निघेना. शेवटी बायकोच्या, म्हणजे शालूच्या, माहेरच्या ओळखीनं रायपुरात एक नोकरी निघाली. मी गोंदियाचं बिऱ्हाड मोडलं, पुरानी बस्तीत दोन खोल्या घेतल्या, पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलं. परत जायची सोय ठेवली नाही. टाइपरायटरसुद्धा विकून टाकला. म्हणजे ही नोकरी पक्की होणं किती गरजेचं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल.

ऑफिस चौबे कॉलोनीत, एका घराच्या तळमजल्यावर. मालक साहूजी. पन्नाशीचे, गोड बोलणारे, सतत भोपाळला जाणारे किंवा भोपाळहून येणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"रामटेके जी, पहला महीना ट्रायल. तीस दिन. इसमें तनख्वाह नहीं रहेगी. हम आपको देखेंगे, आप हमको देखिए. जम गया तो परमानेंट."

"हव," मी म्हणालो. दोनच दिवस झाले होते येऊन, पण 'हो'चं 'हव' झालं होतं.

माझी बसायची जागा म्हणजे त्या घराचं जुनं स्वयंपाकघर. ओट्यावर कॉम्प्युटर, सिंकवर फळी टाकून त्यावर प्रिंटर. बाहेरच्या खोलीत पल्लवी बसायची. मराठीच पोरगी, वडील मूळचे भंडाऱ्याचे, पण जन्म रायपूरचा. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षं लहान, पण ऑफिसात जुनी, म्हणून मी तिला दीदी म्हणायचो.

तिनं माझ्या कॉम्प्युटरवर हिंदी टायपिंगचा प्रोग्राम टाकला. टाकता टाकता विचारलं, "भैया, आपका नाम अंग्रेजी में कैसे लिखते हैं?"

मी सांगितलं. मला वाटलं, ऑफिसच्या दप्तरी नोंद होते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला. स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन आला. इंग्रजीत लिहिलं होतं: वेलकम, मिस्टर ए. रामटेके. युअर ट्रायल पीरियड, ट्वेंटी नाइन डेज रिमेनिंग.

आता माझं इंग्रजी कोर्टाबाहेरचं. पण एवढं तर कोणालाही कळेल. माझं नाव होतं. ट्रायल होता. आणि कालचा एक दिवस बरोबर कमी झाला होता.

तुम्ही हसून राहिले. तुम्हाला कळलं. तुम्हाला आज कळून राहिलं हो, आणि तेही चहा पिता पिता. मला त्या दिवशी खरं सांगतो, साहूजींबद्दल आदरच वाटला. केवढी व्यवस्था ठेवली होती या माणसानं. गोंदियात असतो तर रोज दारात उभं राहून विचारावं लागलं असतं, की साहेब, माझं काय ठरलं. इथे मशीनच रोज सकाळी नाव घेऊन सांगत होती. राजधानी ती राजधानी, असं मी घरी जाऊन शालूला म्हणालो.

चौकोनाखाली दोन बटणं होती. मी पल्लवीला आवाज दिला.

"दीदी, हे आलं. काय करू?"

तिनं बाहेरूनच सांगितलं, "रोज आएगा भैया. लेटर वाला दबा देना."

पाहिलं तर खरंच होतं. रिमाइंड मी लेटर.

आता तुम्हीच सांगा. वीस वर्षं अर्ज टाइप केलेला माणूस. रिमाइंडर म्हणजे काय आणि लेटर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज होती का? रिमाइंडरचे लेटर मी हजारांनी टाइप केले होते. अर्थ उघड होता. माझं पक्कं होण्याचं लेटर निघायचं होतं, आणि ते बटण दाबलं की साहूजींना त्याची आठवण जाणार होती. स्पेलिंगमध्ये एक टी कमी होता. ते मी पाहिलंही होतं. मला वाटलं प्रोग्रामवाला टायपिंग नीट शिकलेला नाही.

म्हणून मी रोज सकाळी हात जोडल्यासारखा बसायचो आणि ते बटण दाबायचो. एकदाच. जास्त दाबलं तर साहेब वैतागतील. पण दिवस जसे कमी व्हायला लागले तसा माझा धीर सुटला. दुपारी जेवण झाल्यावर मशीन बंद करून परत चालू करायचो आणि अजून एक आठवण पाठवायचो. वीस दिवस राहिले तेव्हा दोन आठवणी. बारा राहिले तेव्हा तीन.

त्याच सुमारास साहूजी माझ्याशी जरा तुटक बोलायला लागले. त्यांची दाढ दुखत होती, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं, माझ्या आठवणींनी कावले. एक दिवस गालावर हात ठेवून ते माझ्या खोलीत आले, तर मी उभाच राहिलो.

"सर, गुस्सा मत होना. अब से एक ही बार दबाऊंगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नहीं नहीं, दबाने से तो और दर्द होता है," असं काहीतरी म्हणाले आणि गेले. मी त्याचा विचार रात्रभर केला.

घरी वेगळंच चाललं होतं. शालूनं अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सांगून ठेवलं होतं की यांचं पक्कं होऊन राहिलं. पलीकडच्या बायका तिला रोज नळावर विचारायच्या, किती दिवस राहिले. ती आत येऊन मला विचारायची. मी मशीननं सांगितलेला आकडा सांगायचो. नळावर सगळ्यांना माझा आकडा पाठ होता.

पाच दिवस राहिले आणि चौकोनातली अक्षरं लाल झाली. खाली नवी ओळ आली. वापर चालू ठेवायचा असेल तर रजिस्टर करा, दीड हजार रुपयांचा ड्राफ्ट पाठवा, आणि आपला परमनंट नंबर मिळवा. इंग्रजीतच, पण दीड हजार आणि परमनंट हे दोन शब्द मला कोणत्याही भाषेत कळले असते.

तर मग असं आहे. पक्कं व्हायचं तर पैसे भरा. असं होतं हे मला ठाऊक होतं, पण इतकं सरळ, मशीनवर, छापील? टेबलाखालचं टेबलावर आलं होतं.

मला आधी खात्री करून घ्यायची होती. पल्लवी दोन वर्षांपासून इथे होती. तिला विचारू का नको, विचारू का नको, असं करत दुपारी तिच्या टेबलाशी गेलो.

"दीदी, एक विचारू? राग नको येऊ देऊ. तुमचा ट्रायल संपला, तेव्हा तुम्ही पैसे भरले?"

"मेरा?" तिनं आपल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. "वो तो कब का खत्म हो गया, भैया. पैसे कौन भरता है? मैं तो तारीख पीछे कर देती हूं."

"तारीख?"

"हां. तारीख पीछे करो, फिर से तीस दिन मिल जाते हैं. दो साल से ऐसे ही चल रहा है."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो. ही पोरगी दोन वर्षांपासून ट्रायलवर होती आणि दर महिन्याला तारीख मागे करत होती.

"साहूजींना माहीत आहे?"

"उन्होंने ही तो सिखाया," ती हसली. "पूरे रायपुर में सब यही करते हैं. फ्री में चल रहा है तो चलाओ."

आता तारीख म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यापुढे काय येईल? हजेरीचं रजिस्टर. त्याच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावं, हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीख लिहिलेली होती. माझी तीन. आणि मशीनही तेच सांगत होती ना, रजिस्टर करा म्हणून. मी ते रजिस्टर उघडलं. पल्लवी मागे की पुढे काय म्हणाली त्यात माझा जरा गोंधळ झाला. मी हिशेब लावला की ट्रायल वाढवायचा तर तारीख पुढची पाहिजे. तीनच्या आधी दोनचा आकडा घातला. तेवीस. तेराही करता आलं असतं, पण एवढं पाप करायचंच तर दहा दिवसांसाठी कायले करा.

घरी आलो तर जेवण जाईना. शालूनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

ती ताटावरून उठली. "तुमी रजिस्टरात खाडाखोड केली?"

"सगळेच करतात म्हणे."

"सगळे करतात ते करू द्या. आपल्या घरात नाई होत असं. उद्या साहेबानं पाह्यलं तं? पोट्टीचं नाव शाळेत घातलं, ते काय गोंदियाले परत घेऊन जाता? कायले लपाछपी करून राहिले? पैसे मागून राहिले तं भरून टाका."

"कुठून भरू?"

तिनं डब्यातून कूलरसाठी ठेवलेले पैसे काढून पुढे ठेवले. रायपूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कळेल तिनं काय पुढे ठेवलं ते. मला तिच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट काढला. स्क्रीनवर नाव-पत्ता इंदौरच्या कोणत्या तरी कंपनीचा होता. इंदौर कशाला, असा प्रश्न एकदा मनात आला. मग वाटलं, राज्य वेगळं झालं तरी सगळी वाटणी कुठे झाली अजून. साहूजींचं हेड ऑफिस तिकडेच राहिलं असेल. सोबत एक अर्जही लिहिला. महोदय, सविनय निवेदन है कि प्रार्थी का ट्रायल समाप्ति पर है, प्रार्थी निष्ठापूर्वक कार्य कर रहा है, कृपया प्रार्थी को परमानेंट करने की कृपा करें. पोस्टात नेऊन रजिस्ट्री केली. रजिस्टर करा म्हणाले होते ना, ते एकदाचं बरोबर केलं, असं वाटून जरा बरं वाटलं.

आणि तिसाव्या दिवशी चौकोन म्हणाला, झीरो डेज.

त्या दिवशी साहूजी भोपाळला गेले होते, आठ-दहा दिवस येणार नव्हते. मशीन चालत होती, टायपिंग होत होतं. पण प्रिंट काढला तर प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ यायला लागली: मिस्टर ए. रामटेके, ट्रायल एक्सपायर्ड. म्हणजे माझी नोकरी संपल्याचं माझ्याच हातानं छापून मी सरकारी खात्यात पाठवायचं! इतका अपमान मला सहन होण्यासारखा नव्हता. मी पल्लवीकडून कात्री मागून घेतली आणि दार लोटून प्रत्येक पानाचा तळ कापायला बसलो. आठ दिवस कापलं. रायपुरातल्या एका खात्यात माझ्या हातची पानं दोन बोटं तोकडी गेली.

नवव्या दिवशी रजिस्ट्रीनं पाकीट आलं. माझ्या नावानं. आत कंपनीच्या कागदावर, हिंदीत, छापील:

प्रिय श्री रामटेके, हार्दिक बधाई. आपको स्थायी उपयोगकर्ता के रूप में पंजीकृत किया जाता है. आपका पंजीयन आजीवन मान्य रहेगा. खाली एक लांबलचक नंबर. त्याखाली कोणीतरी पेननं लिहिलं होतं, आपकी ईमानदारी को नमन.

मी ते तीनदा वाचलं. स्थायी म्हणजे पक्का. आजीवन म्हणजे जन्मभर. उपयोगकर्ता हा हुद्दा मी आधी ऐकलेला नव्हता, पण नवं राज्य, नवे हुद्दे निघतच होते. उपयोगी कर्ता, म्हणजे कामाचा माणूस, असा मी अर्थ लावला. कागदाच्या मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरात बरंच काही होतं. लेटरच्या मागचं कोण वाचतं?

मी तसाच घरी गेलो. शालूनं लेटर हातात घेतलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "जन्मभर म्हणते?"

"आजीवन लिहिलं आहे."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या पाऱ्याला माहीत झालं की रामटेके उपयोगकर्ता झाले. एका म्हाताऱ्या बाईनं शालूला विचारलं, तो तहसीलदाराच्या वर असतो का खाली. शालू म्हणाली, "खालीच असंन, पण लई नाई."

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन ऑफिसात गेलो. हजेरी रजिस्टरच्या पहिल्या पानावर, माझ्या नावापुढे, हुद्द्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं: स्थायी उपयोगकर्ता. पल्लवीनं पेढा घेतला, "बधाई हो भैया" म्हणाली, कशाबद्दल ते फोनच्या गडबडीत तिनं विचारलं नाही. आणि साडेअकराला साहूजी भोपाळहून आले. मी वाकून पेढा पुढे केला.

"किस खुशी में, रामटेके जी?"

"सर, आपकी कृपा. परमानेंट हो गया."

साहूजींचा हात पेढ्यासकट थांबला. "कौन?"

"मैं, सर."

"किसने किया?"

आता मी गोंधळलो. मी त्यांच्या पुढ्यात लेटर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, समोरची बाजू वाचली, मग मागची वाचली. मागची वाचताना त्यांच्या तोंडाचा आकार बदलत गेला. मग त्यांनी पल्लवीला हाक मारली आणि तिच्या हातात कागद दिला. तिनं वाचला. माझ्याकडे पाहिलं. परत वाचला.

"भैया," ती अगदी हळू म्हणाली, "आपने सॉफ्टवेयर के पैसे भर दिए?"

"सॉफ्टवेयरचे कायले? माझे भरले."

मग त्या दोघांनी मिळून मला ओट्यापाशी नेलं. पल्लवीनं लेटरवरचा तो लांबलचक नंबर मशीनमध्ये टाकला. चौकोन एकदा आला, थँक यू मिस्टर ए. रामटेके म्हणाला आणि कायमचा गेला. मग तिनं मला समजावलं. हा प्रोग्राम महिनाभर फुकट वापरून पाहायचा असतो. तिनं तो माझ्या नावावर माझ्या पहिल्याच दिवशी टाकला होता, म्हणून त्याचे दिवस आणि माझे दिवस जुळले. लेटर म्हणजे पत्र नाही, लेटर म्हणजे नंतर. तारीख मागे करायची ती स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळातली.

मी एकच विचारलं. "मग लोक पैसे कधी भरतात?"

"पसंद आए तो," साहूजी म्हणाले. "पसंद सबको आता है, रामटेके जी. भरता कोई नहीं."

तासाभरात बातमी फुटली. समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून दोघं जण मला पाहायला आले. खरोखर पाहायलाच. एक जण दारात उभा राहून दुसऱ्याला म्हणाला, "यही हैं." दुसऱ्यानं ते लेटर हातात घेऊन उजेडात धरून पाहिलं. त्या धंद्यात इतकी वर्षं काढून त्यानं असलं पत्र पहिल्यांदा पाहिलं होतं म्हणे. त्यानं माझ्याशी हात मिळवला.

मी तिथेच उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. प्रोग्रामचा ट्रायल संपला. माझा?

शेवटी धीर करून साहूजींना विचारलं. "सर, मेरे भी तो तीस दिन हो गए."

"हो गए?" त्यांनी हजेरीचं रजिस्टर ओढलं. पहिलं पान उघडलं. बोट माझ्या नावावरून सरकत हुद्द्यावर थांबलं, 'स्थायी उपयोगकर्ता' त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचलं. मग बोट तारखेवर गेलं.

"ये तो तेईस लिखा है. आपके तो अभी बारह दिन बाकी हैं."

"सर, ते..." पुढे काय बोलणार? खाडाखोड मी केली म्हणू? "सर, तीन तारीख से साइन है मेरे. रोज के."

"हव, साइन तो हैं," ते म्हणाले. गोड हसले. "वो आपकी मेहरबानी है." आणि मघाशी राहून गेलेला पेढा तोंडात टाकला.

बारा दिवस मी मान खाली घालून काम केलं. आता चौकोन येत नव्हता, पानं पूर्ण लांबीची निघत होती, मशीन एकदम पक्की झाली होती. तेराव्या दिवशी साहूजींनी बोलावलं. काम चांगलं आहे म्हणाले. स्वभाव चांगला आहे म्हणाले. असा इमानदार माणूस राजधानीत सापडणार नाही म्हणाले. "ऐसा करते हैं, रामटेके जी, एक महीना और देख लेते हैं."

मी हव म्हणून बाहेर आलो.

घरी शालू दारातच उभी होती. मी चपला काढता काढता सगळं सांगितलं. प्रोग्राम फुकट पाहायचा असतो, तीस दिवस झाले की तो पैसे मागतो, तरी लोक देत नाहीत, मी एकट्यानं दिले, आणि माझा ट्रायल मात्र साहेबांनी अजून एक महिना वाढवला. बिनपगारी. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, कूलरचं काढेल. रडेल. पण तिनं माझ्या चपला भिंतीशी नीट लावल्या.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "त्या मशीनीनं तीस दिवस झाल्यावर तोंड उघडून पैसे तरी मागतले. तुमच्यानं तेवढंबी नाई झालं?"